मंडई आणि डेक्कन: स्थानक कुणाच्या दारात?

मेट्रोचा नकाशा समोर आला की आपण आधी रंगीत रेषा बघतो. आज आपण त्यावरचे ठिपके बघू, कारण माणूस गाडीत चढतो तो ठिपक्यावर. पुण्यातले दोनच घेऊ: मंडई आणि डेक्कन जिमखाना.

पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला येणारी मार्गिका शिवाजीनगरपासून जमिनीखालून जाते. वर पेठा, अरुंद रस्ते, जुने वाडे; खांब रोवायला जागाच नाही. भुयार खर्चिक खरं, पण त्यामुळेच स्थानक मंडईपाशी आलं. सप्टेंबर २०२४मध्ये ते सुरू झालं. पिशवी घेऊन वर या, बाजार जवळच.

दुसरी मार्गिका वनाज ते रामवाडी. ती कर्वे रस्त्यावरून येते आणि गरवारे महाविद्यालयानंतर जंगली महाराज रस्ता टाळून मुठेच्या काठाला लागते. गजबजलेल्या रस्त्यावरची खोदाई टळली, हे आपण मान्य करू. नदीपात्रातल्या या टप्प्याला हरित न्यायाधिकरणात आव्हान दिलं गेलं होतं. आमचा आक्षेप मात्र वेगळा आहे.

डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्थानकं १ ऑगस्ट २०२३ला उघडली. छपरांना पगडीचा आकार, दिसायला देखणी. पण पलीकडच्या नारायण आणि शनिवार पेठेतून चालत येण्यासाठीचे नवे पादचारी पूल तेव्हा तयार नव्हते. भिडे पूल आहे, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. ऐन पावसात, जेव्हा मेट्रो हवीशी वाटते, तेव्हाच स्थानक समोर आणि आपण अलीकडे! मार्ग सोपा केला, त्याची किंमत पेठेतल्या आजींच्या गुडघ्यांनी भरली.

कुणी म्हणेल, पूल काय, पुढेमागे होतातच. आम्हाला हे पटत नाही. पुण्यात दुचाकी दारातच उभी असते. पहिल्या महिन्यात कंटाळून जो किल्ली फिरवतो, तो सहजी परत येत नाही.

मार्ग नदीकाठाने न्यायचा तर जरूर न्यावा. पण मग पूल, जिना आणि पदपथ हेही स्थानकच समजावं. ते झाल्याशिवाय फीत कापू नये. तुम्हीही एक करून बघा: गाडीत बसल्यावर घड्याळ बघू नका, घराला कुलूप लावल्यापासून मिनिटं मोजा. मेट्रो किती वेगवान आहे, ते तेव्हा कळेल.