फिरते चित्रदालन : शिकवते की नुसते फिरते?

एखाद्या शाळेचे किंवा विज्ञान मंडळाचे संकेतस्थळ उघडले, की बहुधा पहिल्याच पानावर एक चौकट दिसते. तीत एक चित्र येते, तीन-चार सेकंद थांबते, बाजूला सरकते आणि त्याची जागा दुसरे चित्र घेते. शेवटचे चित्र गेले, की पुन्हा पहिले. अशी फिरती चित्रदालने आता तयार मिळतात. आपण चित्रे भरायची आणि वेग, क्रम, सरकण्याची दिशा, एका चित्रातून दुसऱ्यात जाण्याची तऱ्हा एवढे आपल्या मर्जीप्रमाणे ठरवायचे. स्नेहसंमेलनाची किंवा वृक्षारोपणाची छायाचित्रे दाखवण्यापुरते हे सगळे ठीक आहे. परंतु तेच साधन विज्ञानाचा पाठ म्हणून वापरले जाते, तेव्हा त्याचे परीक्षण निराळ्या कसोटीवर झाले पाहिजे.

या लेखात मांडायचा मुद्दा थोडक्यात असा : दालन बसवताना आपण जी जी निवड करतो, ती प्रत्येक निवड हे निसर्गाविषयी केलेले एक विधान असते. वेग हे काळाविषयीचे विधान, चौकटीचा आकार हे मापाविषयीचे, आणि पुन्हा पुन्हा फिरणे हे चक्राविषयीचे. ही विधाने आपण नकळत करतो आणि त्यांतील बरीचशी चुकीची असतात.

रेशीमकिड्याचे बारा सेकंद

उदाहरण जालना जिल्ह्यातलेच घेऊ. जालन्यात २०१८ साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तुतीचा मळा, संगोपनगृहातील अळ्या आणि चंद्रिकेवर चढलेले कोष ही दृश्ये इथल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरची आहेत. समजा, एका शिक्षकांनी रेशीमकिड्याच्या जीवनचक्राचे दालन केले : अंडी, अळी, कोष आणि पतंग अशी चार चित्रे, प्रत्येकी ३ सेकंद. बारा सेकंदांत चक्र पूर्ण आणि पुन्हा सुरुवात. दिसायला नेटके आहे. पण यातून विद्यार्थी काय शिकला?

पहिली गोष्ट काळाची. तापमान आणि जात यांनुसार दिवस कमी-जास्त होतात. परंतु ढोबळमानाने उबवणीची अंडी १० दिवस, अळी २५ दिवस, कोष विणणे धरून कोषावस्था १२ दिवस आणि पतंग ५ दिवस असे धरू. एकूण ५२ दिवस. यांत अळीचा वाटा जवळपास निम्मा आहे आणि पतंगाचा दहाव्या हिश्शाहूनही कमी. दालनात मात्र दोघांनाही बरोबरीने चौथा हिस्सा मिळाला. एक दिवस म्हणजे अर्धा सेकंद असे प्रमाण धरले असते, तर अंड्याला ५, अळीला साडेबारा, कोषाला ६ आणि पतंगाला अडीच सेकंद मिळाले असते. सारे दालन २६ सेकंदांचे झाले असते. प्रत्येक चित्राचा कालावधी वेगळा ठेवण्याची सोय बऱ्याच साधनांत असते. आपण ती वापरत नाही, एवढेच. अळीचे चित्र साडेबारा सेकंद हलत नाही म्हटल्यावर मुले कंटाळतील, ही भीती रास्त आहे. पण त्यावर उपाय वेळ कापणे हा नव्हे. अळी चार वेळा कात टाकते, तिच्या पाच अवस्था होतात. त्या पाचांची पाच चित्रे द्यावीत. तुतीचा पाला आणून थकलेल्या घरातल्या मुलाला हे अधिक पटेल, कारण एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला अळी शेवटच्या अवस्थेत खाते, हे त्याच्या घरचा अनुभवच सांगतो.

दुसरी गोष्ट मापाची. अंडे जेमतेम १ मिलिमीटरचे. त्यातून निघालेली अळी सुमारे ३ मिलिमीटर आणि पूर्ण वाढलेली अळी ७-८ सेंटिमीटर. या काळात तिचे वजन सुमारे दहा हजार पट होते. प्राणिसृष्टीतील वाढीचे हे एक विलक्षण उदाहरण आहे. परंतु दालनाची चौकट प्रत्येक चित्र ताणून किंवा कापून एकाच आकाराचे करते. अंडेही चौकटभर आणि अळीही चौकटभर. शिकवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट या 'नीटनेटकेपणा'त पुसली जाते. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरची रेघ काढली, तरी निम्मे नुकसान भरून निघेल.

तिसरी गोष्ट चक्राची. पतंगानंतर पुन्हा अंडी दाखवणे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण बाजारात कोष नेणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी हे चक्र पुरे होत नाही. पतंग बाहेर पडताना कोषाचे टोक ओले करून फोडतो; धाग्याची सलगता तुटते आणि सुमारे किलोमीटरभर लांबीचा अखंड धागा मिळत नाही. म्हणून पतंग होण्याआधीच कोषातील जीव उष्णतेने मारला जातो. पतंग आणि अंडी यांचे काम अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रात वेगळे चालते. म्हणजे जिल्ह्यातील ज्या मुलाच्या घरी वर्षाला चार-पाच वेळा अळ्या वाढवल्या जातात, त्याने पतंग कदाचित पाहिलेलाही नसेल. गोल गोल फिरणारे दालन त्याला निसर्गाचे चक्र सांगते आणि माणसाने ते कुठे तोडले आहे, हे लपवते. वर्गात चर्चेला घ्यावा असा प्रश्न नेमका तिथेच आहे.

विरघळणारी चित्रे

एका चित्रातून दुसऱ्यात जाण्याच्या तऱ्हाही तपासून पाहू. यांतील तांत्रिक भाग सोपा आहे. बहुतेक दालनांत चित्रे एका लांब पट्टीवर शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि आपल्याला दिसते ती फक्त एक खिडकी. ठरलेल्या वेळाने पट्टी एका चित्राच्या रुंदीइतकी सरकते. दुसऱ्या प्रकारात चित्रे एकावर एक ठेवलेली असतात. वरच्या चित्राची अपारदर्शकता हळूहळू शून्यावर आणली, की खालचे उमटते. हा 'विरघळण्याचा' प्रकार डोळ्यांना फार सुखद वाटतो, म्हणून तो लोकप्रिय आहे.

पण अळीचे चित्र विरघळून कोषाचे चित्र उमटताना मधल्या अर्ध्या सेकंदात पडद्यावर काय असते? अर्धी अळी आणि अर्धा कोष असा एक प्राणी, जो निसर्गात कधीच नसतो. चंद्रकलांच्या दालनात तर याहून घोटाळा होतो. अष्टमीचा चंद्र विरघळून पौर्णिमेचा उमटतो, तेव्हा उरलेली अर्धी बाजू एकदम, सर्वत्र सारखी, हळूहळू उजळते. प्रत्यक्षात प्रकाश आणि अंधार यांमधली सीमारेषा चंद्रबिंबावरून सरकत जाते. चंद्रकला कशामुळे होतात, हे समजण्याची किल्ली त्या सरकत्या रेषेत आहे; विरघळण्यात ती हरवते. अशा ठिकाणी चित्र एका झटक्यात बदलणेच प्रामाणिकपणाचे. मधले आपल्यापाशी नाही, हे झटका निदान कबूल तरी करतो.

फाळक्यांचा वाटाणा

हलणाऱ्या चित्रांनी विज्ञान शिकवता येतच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्याचे उत्तम उदाहरण मराठी माणसाचेच आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे दीपदर्शन सुरू केले. चित्रे हलल्याचा भास त्यात प्रेक्षकांना होत असे. पुढे दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ चित्रित केली. ठरावीक अंतराने एकेक चौकट घ्यायची आणि सगळ्या सलग दाखवायच्या, अशी ती रीत. 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ सालच्या चित्रपटासाठी भांडवल उभारण्यास त्यांना या छोट्या पटाचा उपयोग झाला.

फाळक्यांचा वाटाणा आणि आजचे सरकते दालन यांत फरक कोणता? वाटाणा एकच होता, कॅमेरा एकाच जागी होता आणि चौकटी ठरावीक अंतराने घेतलेल्या होत्या. त्यामुळे पडद्यावरचा वेग वाढीच्या वेगाशी प्रमाणात राहिला. आजच्या दालनात पहिले चित्र एका रोपाचे, दुसरे दुसऱ्याच, तिसरे बहुधा दुसऱ्याच देशातल्या रोपाचे असते.

जालना हे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावातील शाळांना फाळक्यांचा प्रयोग करणे अवघड नाही. ओल्या टीपकागदावर हरभरा ठेवावा, साधा फोन पुस्तकांच्या थप्पीवर पक्का बसवावा आणि तासाला एक याप्रमाणे ५ दिवस छायाचित्रे घ्यावीत. १२० छायाचित्रे होतात. सेकंदाला १० या वेगाने ती १२ सेकंदांत दिसतात. म्हणजे काळ ३६,००० पटींनी आक्रसला. हा आकडा विद्यार्थ्यांनीच काढावा आणि चित्राखाली लिहावा. रेशीमकिड्याच्या दालनाचेही बाराच सेकंद होते; पण या बारा सेकंदांना माप आहे, त्यांना नव्हते.

यातही एक खोच आहे. दालनात नेहमी रुजलेलेच बी येते. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत उगवणशक्ती तपासताना एकच सुंदर बी बघत नाहीत. शंभराचे चार गट करून चारशे बिया मांडण्याचा प्रघात आहे आणि किती रुजल्या हे मोजतात. न रुजलेले बी ही तिथे महत्त्वाची माहिती असते. तेव्हा टीपकागदावर एक नव्हे, वीस हरभरे ठेवावेत आणि कुजलेला हरभराही चौकटीत राहू द्यावा.

संशोधन काय म्हणते?

बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला. जिथे हलती चित्रे सरस ठरल्याचे दिसत होते, तिथे पुष्कळदा त्यांत स्थिर चित्रांपेक्षा अधिक माहिती भरलेली होती, असे त्यांना आढळले. शिवाय गती इतकी जलद वा गुंतागुंतीची असू शकते, की ती नीट टिपताच येत नाही. याच्या उलट, हफ्लर आणि लॉयटनर यांनी २००७ साली २६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हलत्या चित्रांना एकंदरीत मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. मात्र गती हाच शिकण्याचा विषय असेल तिथे तो अधिक होता. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर बोध स्पष्ट होतो : हालचाल शिकवायची असेल तर चित्र हलवावे, शोभेसाठी हलवू नये.

तिसरा निष्कर्ष दालनाला थेट लागू पडतो. रिचर्ड मायर आणि पॉल चँडलर यांनी २००१ साली वीज कशी चमकते याचे सचेतन सादरीकरण १६ तुकड्यांत विभागले आणि पुढचा तुकडा कधी यायचा, ते विद्यार्थ्याच्या हाती दिले. सलग पाहणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांना शिकलेले नव्या प्रश्नांत अधिक चांगले वापरता आले. म्हणजे आपोआप फिरणे बंद करून 'पुढे' आणि 'मागे' अशी दोन बटणे देणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी बदल आहे.

कोणाला दिसते, कोणाला नाही

थांबवण्याचे बटण ही केवळ सोय नव्हे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत असे म्हटले आहे, की आपोआप सुरू होणारी आणि ५ सेकंदांहून अधिक चालणारी हालचाल इतर मजकुराबरोबर दिसत असेल, तर ती थांबवता आली पाहिजे. सावकाश वाचणारे मूल, लक्ष चटकन विचलित होणारे मूल आणि सरकत्या चित्रांनी गरगरणारे मूल प्रत्येक वर्गात असते. चित्राखाली शब्दांत वर्णन नसेल, तर दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ते दालन म्हणजे कोरी भिंत.

वजनाचाही विचार करावा. फोनमधून घेतलेली प्रत्येकी ४ मेगाबाइटची २० छायाचित्रे तशीच चढवली, तर पान ८० मेगाबाइटचे होते. रुंदी कमी करून प्रत्येकी १५० किलोबाइट केली, तर तेच पान ३ मेगाबाइटमध्ये बसते. घरात एकच फोन आणि त्यात मोजका डेटा असलेल्या मुलाला हा फरक कळतो. आणखी एक इशारा : 'फ्लॅश' या साधनात केलेली असंख्य शैक्षणिक सचेतने २०२० अखेर त्याचा आधार संपल्यावर उघडेनाशी झाली. म्हणून मूळ छायाचित्रे, त्यांच्या तारखा आणि नोंदी वेगळ्या जपून ठेवाव्यात. दालन हे केवळ वेष्टन आहे.

शेवटी शिक्षकांसाठी एक साधी परीक्षा सुचवतो. आपले दालन कोणत्याही दोन चित्रांच्या मध्ये थांबवावे आणि विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत : या दोन चित्रांमध्ये किती काळ गेला? दोन्हींतील वस्तू एकच आहे का? आणि मधे काय घडले असेल? चित्रावरून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळत असतील आणि तिसऱ्यावर वर्गात वाद होत असेल, तर दालन उत्तम आहे. एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर ते स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांसाठी ठेवावे.