ग्रामनामाचा उगम आणि व्यवहार : ‘पळस्पे फाटा’

मराठीतील ग्रामनामांचा अभ्यास बव्हंशी व्युत्पत्तीच्या अंगाने झालेला आहे. ‘महिकावतीची बखर’ १९२४ साली संपादून प्रसिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी वसाहतीच्या इतिहासासाठी ग्रामनामांचा जो उपयोग केला, त्याने या अभ्यासाला दिशा दिली. या परंपरेचे ऋण मोठे आहे. तथापि नावाचा उगम सापडला की शोध संपला, अशी समजूतही तिच्यामुळेच रूढ झाली. नाव आज कोणाच्या तोंडी, कोणत्या शब्दाला जोडून आणि कोणत्या प्रत्ययासह येते, हा प्रश्न उपेक्षितच राहिला.

पनवेलजवळील पळस्पे हे याचे चांगले उदाहरण होय. व्युत्पत्तीचा अभ्यासक या नावात पळसाचे झाड पाहील आणि बहुधा तेथेच थांबेल. परंतु प्रवाशांच्या बोलण्यात हे नाव ‘पळस्पे फाटा’ असे येते. मुंबई–पुणे या जुन्या महामार्गापासून गोव्याचा महामार्ग येथे वेगळा होतो.

‘फाटा’ या शब्दात मुख्य आणि गौण असा भेद गृहीत धरलेला असतो. चर्चेला फाटे फुटतात, तेव्हा मूळ विषय मुख्य ठरतो. औपचारिकतेला फाटा दिला, म्हणजे ती वगळली. पळस्प्यास गौण ठरलेला रस्ता म्हणजे कन्याकुमारीपर्यंत जाणारा, सोळाशे किलोमीटरहून अधिक लांबीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ होय. एवढ्या मार्गाला फाटा म्हणणारी दृष्टी पुण्याच्या वाटेवरील प्रवाशाची आहे. गाव तर या दोन्ही रस्त्यांच्या हिशेबात कोठेच बसत नाही.

व्याकरणही हेच सांगते. माणसे ‘गावात’ राहतात, ‘फाट्यावर’ उभी असतात. ‘-त’ हा प्रत्यय आतला भाग सुचवितो, ‘-वर’ केवळ एक बिंदू. गावाबरोबर शीव, वेस, गावठाण, पाणवठा हे शब्द येतात आणि प्रत्येकाबरोबर राखण्याची, वाटून घेण्याची काही रीत येते. फाट्याच्या शब्दपरिवारात अशी रीत सांगणारा शब्द आढळत नाही. २०११ नंतर चौपदरीकरणाच्या संदर्भात ‘पळस्पे ते इंदापूर’ हा ८४ किलोमीटरचा टप्पा वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाला. तेथेही गावाचे नाव उरले ते मोजणीचे एक टोक म्हणून.

यावर असा आक्षेप संभवतो की, रस्ते शब्दांनी बांधले जात नाहीत. कायदा, पैसा आणि वाहतूक ते घडवितात. हा आक्षेप रास्त आहे. शिवाय फाटा हेही एक सामाईक स्थळच आहे. गणपतीला कोकणात निघालेली माणसे ‘फाट्यावर भेटू’ म्हणतात, तेव्हा तो शब्द त्यांना एकत्रच आणतो. मात्र एकत्र येणे आणि एकत्र सांभाळणे यांत अंतर आहे. जागा घडविणे शब्दाच्या हाती नसले, तरी त्या जागेवर आपले काय देणे आहे, हे आठवणीत ठेवणे किंवा विस्मृतीत ढकलणे त्याच्या हाती असते.

म्हणून ग्रामनामाच्या नोंदीत उगमाबरोबर त्याचा व्यवहारही नोंदविला पाहिजे. प्रवासी काय म्हणतो, रहिवासी काय म्हणतो, आणि सरकारी कागद काय म्हणतो, या तिन्हींची तुलना झाल्यावाचून ती नोंद पुरी म्हणता येणार नाही. नावातला पळस शोधून काढणाऱ्या विद्येने त्या नावामागचे गाव मात्र दृष्टीआड होऊ द्यावे, हे तिला भूषणावह नाही.