हौसेला मोल असते : एका पिस्तुलाची न सांगितलेली गोष्ट

मुंबईच्या गुन्हेगारी जगावरचे हिंदी चित्रपट सलग पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या नायकाच्या हातात पिस्तूल कधी उगाच येत नाही. १९९८च्या ‘सत्या’मध्ये नायकाचा अपमान होतो, त्याला तुरुंगात जावे लागते आणि मग भिकू म्हात्रेच्या सोबतीत हत्यार हाती येते. १९९९च्या महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘वास्तव’मध्ये पावभाजीच्या गाडीवर मारामारी होते, हातून एक माणूस मरतो आणि रघूला मागे फिरायला वाट उरत नाही. सूड, भीती आणि नाइलाज ही आपल्या पटकथांची तीन ठरलेली कारणे. त्यांपैकी एक तरी सापडले की प्रेक्षकाचे समाधान होते.

चौथे कारण मात्र पडद्यावर जवळजवळ दिसत नाही. ते असे : कोणीतरी वस्तू दाखवली, ती आवडली, घेतली. माझे म्हणणे असे की, हे चौथे कारण सांगण्याची भाषा आपल्या सिनेमाने कमावलीच नाही. आणि ती नसल्यामुळे एका गाजलेल्या खऱ्या प्रकरणाचीही आपण सोयीची अर्धी गोष्टच पुन्हा पुन्हा सांगत आलो. ते प्रकरण ‘वास्तव’च्याच नायकाचे, संजय दत्त यांचे आहे.

दत्त खटला म्हटले की लोकांना एके-५६ रायफल आठवते. १६ जानेवारी १९९३ रोजी पाली हिलच्या बंगल्यावर आलेली हत्यारे, त्यांतली एक रायफल ठेवून घेणे, १२ मार्चचे बॉम्बस्फोट, एप्रिलमधली अटक. हा क्रम वर्तमानपत्रांनी इतका गिरवला आहे की तो पाठ झाला आहे. परंतु शिक्षा केवळ रायफलीची नव्हती. तिच्यासोबत ९ एमएमचे एक पिस्तूलही होते. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दिलेल्या निकालात दत्त यांच्या कबुलीजबाबाचा तपशील येतो. त्यातली पिस्तुलाची हकिगत मला अनेक पटकथांपेक्षा मोलाची वाटते.

ती थोडक्यात अशी. सप्टेंबर १९९२. आर. के. स्टुडिओत चित्रीकरण चालू असताना दाऊद टोळीशी संबंधित एक ओळखीचा इसम येतो आणि ९ एमएमचे पिस्तूल विकत घेणार का, असे विचारतो. पिस्तूल दाखवले जाते. ते आवडते. किंमत चाळीस हजार रुपये ठरते. पैसे राहत्या घरी रोख दिले जातात आणि पिस्तुलासोबत आठ गोळ्या मिळतात. हकिगत संपली. तिच्यात कोणी धमकी देत नाही, कोणावर सूड उगवायचा नाही. हा कबुलीजबाब पुढे मागे घेण्यात आला होता, हे नोंदवले पाहिजे. पण न्यायालयाने तो स्वेच्छेने दिलेला मानला आणि ग्राह्य धरला.

आता तारखेकडे पाहावे. बाबरी मशीद पडली ६ डिसेंबर १९९२ला. मुंबईतली पहिली दंगल त्यानंतरची आणि दुसरी जानेवारीतली. म्हणजे जी भीती रायफलीचे कारण म्हणून सांगितली गेली, ती पिस्तूल घेतले तेव्हा शहरात आलेलीच नव्हती. शिवाय त्याच जबाबानुसार दत्त यांच्याकडे परवाना असलेली तीन हत्यारे आधीच होती. त्यांना शिकारीची आवड होती. संरक्षणाला काही कमी होते, असे सप्टेंबरपुरते तरी म्हणता येत नाही. उरतो तो निव्वळ मोह.

२९ जून २०१८ रोजी राजकुमार हिराणी यांचा ‘संजू’ प्रदर्शित झाला. पटकथा हिराणी आणि अभिजात जोशी यांची. हे दोघे कसबी लेखक आहेत, याबद्दल दुमत नसावे. बापलेकाच्या नात्याचे प्रसंग त्यांनी जीव ओतून लिहिले आहेत आणि व्यसनाचा भाग तर धीटपणे हाताळला आहे. नायक अमली पदार्थांकडे का वळला, याला त्यांनी फार मोठे कारण जोडले नाही. समोर आले, घेतले, अडकला, हे तिथे त्यांना सांगता आले. मग हत्याराच्या बाबतीत तीच लेखणी का थबकते? तिथे सगळा भार रायफलीवर पडतो. आणि रायफलीमागे दंगल, वडिलांनी दंगलग्रस्तांना केलेली मदत व कुटुंबाला आलेल्या धमक्या उभ्या राहतात. मुलगा चुकला, पण घरच्यांसाठी चुकला, असा अर्थ प्रेक्षक घरी घेऊन जातो. सप्टेंबरचा सौदा या अर्थात बसत नाही. तो मध्ये आणला असता तर जानेवारीच्या भीतीकडेही प्रेक्षकाने थोडे वेगळ्या नजरेने पाहिले असते.

जानेवारीची भीती खोटी होती, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मी खारदांड्याचा. आमच्या कोळीवाड्यातून निघून पाली हिलच्या चढाला लागायला फार वेळ लागत नाही. १९९३मध्ये मी विशीत होतो. त्या रात्री मुंबईत गल्लोगल्ली पहारे होते, तसे आमच्याकडेही होते. पहाऱ्याला बसलेल्यांच्या हातात काय होते? बांबू, काठ्या, होडीची वल्ही. भीतीला निवड करायला वेळ नसतो. जे जवळ असेल ते ती उचलते. मोहाची रीत निराळी. तो वस्तू हातात घेतो, वजन पाहतो, चकाकी पाहतो, भाव विचारतो. या दोन हालचालींमधला फरक कॅमेऱ्याला सहज टिपता येण्यासारखा आहे. टिपला गेला नाही, कारण तो टिपला की नायकाची बाजू दुबळी होते.

दुसरे कारण कथनशास्त्रातले आहे. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली असेल तर ती पुढे उडाली पाहिजे, हा चेखवच्या नावाने सांगितला जाणारा नियम आपल्याकडच्या लेखकांनाही तोंडपाठ आहे. ‘वास्तव’ या नियमाने चालतो. तिथे शेवटची गोळी आईच्या हातून सुटते आणि रीमा लागूंचा तो प्रसंग विसरता येत नाही. पण आर. के. स्टुडिओत विकत घेतलेल्या पिस्तुलाने कोणाला मारल्याचा आरोपच नव्हता. न उडालेल्या बंदुकीचे काय करायचे, हे चेखवच्या नियमाला ठाऊक नाही. कायद्याला मात्र ठाऊक आहे. १९५९चा शस्त्र कायदा हत्यार चालवण्याची वाट पाहत नाही. विनापरवाना जवळ बाळगणे हाच गुन्हा. त्यातही ९ एमएम हा आपल्याकडे निषिद्ध बोअर मानला जातो. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. म्हणून नाट्याच्या दृष्टीने क्षुल्लक असलेली खरेदी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण गुन्हा ठरली.

इथे परवाना पद्धतीकडे जरा वेगळ्या अंगाने पाहता येईल. अर्ज, पोलीस चौकशी, हत्यार कशासाठी हवे याचे उत्तर, मग निर्णय. आपण याला सरकारी खेटे म्हणून नावे ठेवतो. पण या खेट्यांत एक गोष्ट आपोआप मिळते : वेळ. अमेरिकेत बंदूक मिळणे कितीतरी सोपे, तरी कॅलिफोर्निया राज्यात खरेदी आणि ताबा यांमध्ये दहा दिवस थांबावे लागते. इच्छा आणि वस्तू यांच्यामध्ये काही रात्री जाऊ द्याव्यात, हाच त्यामागचा विचार. काळ्या बाजारात महाग काय असेल तर भाव नव्हे. तिथे ही मधली रात्र मिळत नाही. दाखवले, आवडले आणि घरपोच आले.

आपल्या परंपरेला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. कांचनमृग शोधायला सीता गेली नव्हती. तो पर्णकुटीसमोर येऊन चरू लागला. लक्ष्मणाने शंका घेतली, तरी हरिण हवेसे वाटले. ना भूक होती, ना सूड होता. केवळ हवेसे वाटणे, आणि त्यापुढे सगळे रामायण. वाल्मीकींना या क्षणाला मोठे कारण जोडावेसे वाटले नाही आणि त्यामुळे सीता लहानही झाली नाही. मोह झाला म्हणून माणूस हलका ठरत नाही, हे ज्या परंपरेला कळले होते, तिच्या आजच्या पटकथाकारांना नायक वाचवण्यासाठी दंगल आड घ्यावी लागते, हे नवल आहे.

कोणी म्हणेल, दत्त यांनी शिक्षा भोगली. आता हे उकरून काय मिळवायचे? ते खरेच आहे. टाडा न्यायालयाने त्यांना कटातून मुक्त केले, शस्त्र कायद्याखाली २००७मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी ते येरवड्यातून बाहेर आले. त्यांचा हिशेब संपला. माझा प्रश्न गोष्ट सांगणाऱ्यांना आहे, कारण ती ऐकणारे अजून विशीत आहेत. वाढदिवसाला तलवारीने केक कापून किंवा कट्टा हातात धरून फोटो टाकणारी आणि त्यापायी शस्त्र कायद्याखाली पकडली जाणारी मुले आपण बातम्यांत पाहतो. यांतल्या कितीजणांच्या घरावर दंगल चालून आलेली असते? बहुतेकांना कोणीतरी वस्तू दाखवलेली असते, एवढेच. त्यांच्यासाठी ‘भीतीपोटी घेतले’ ही गोष्ट निरुपयोगी आहे. ‘दाखवले तेव्हा आवडले’ ही गोष्ट उपयोगाची आहे. कारण ती ऐकलेल्या मुलाला तो क्षण स्वतःवर आला की ओळखता येईल.

हौसेला मोल नसते, असे आपण कौतुकाने म्हणतो. न्यायालयाच्या निकालात या हौसेचे मोल आकड्यात लिहिलेले आहे : चाळीस हजार रुपये रोख. तुरुंगातली वर्षे त्यावर वेगळी. एवढे स्पष्ट बिल समोर असताना आपल्या सिनेमाने ती खरेदी गोष्टीबाहेर ठेवली. मुंबईच्या गुन्हेगारीवर पुढचा चित्रपट लिहिणाऱ्याने रायफलीचा प्रसंग खुशाल सोडून द्यावा. स्टुडिओतली चित्रीकरणामधली सुट्टी, एक ओळखीचा माणूस, आणि पुढे झालेला हात, एवढे त्याने नीट दाखवले तरी पुरे.