‘अनावश्यक प्रवास टाळावा’ : एका व्यावहारिक गद्यप्रकाराची चिकित्सा

व्यवहारात रोज वाचल्या जाणाऱ्या गद्याकडे समीक्षेने सहसा लक्ष दिलेले नाही. आज्ञा, करारनामे, खलिते जुने झाले म्हणजे इतिहाससंशोधकांच्या हाती पडतात आणि मग त्यांच्या भाषेचे कौतुक होते. नवे असताना ते वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. अमेरिकेतील विद्यापीठे व संशोधनसंस्था आपल्या परदेशी कर्मचाऱ्यांसाठी व्हिसा आणि प्रवास यांसंबंधी जी सूचनापत्रके काढतात, त्यांचीही गत हीच आहे. पुण्यामुंबईहून पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी तिकडे गेलेला तरुण ही पत्रके ज्या एकाग्रतेने वाचतो, तितक्या एकाग्रतेने त्याने स्वतःचा प्रबंधही कदाचित वाचलेला नसतो. एका शब्दाचा अर्थ चुकला तर नोकरी समुद्रापलीकडे राहते आणि तो अलीकडे. अशा गद्याला एकच कसोटी लावणे न्याय्य ठरेल : ते वाचून वाचकाला निर्णय घेता येतो काय? पुष्कळ पत्रके या कसोटीस उतरत नाहीत. आणि त्याचे कारण लेखकांच्या अज्ञानात नसून त्यांच्या भाषेत आहे.

पहिला घोटाळा खुद्द ‘व्हिसा’ या शब्दापाशीच होतो. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘पाहिलेला’, म्हणजे तपासलेला कागद, एवढाच आहे, आणि अमेरिकन कायद्यात तो बऱ्याच अंशी टिकून राहिला आहे. पारपत्रावरील व्हिसा म्हणजे दारापर्यंत येऊन प्रवेश मागण्याची मुभा. आत किती काळ राहावयाचे हे आय-९४ नावाच्या आगमननोंदीवरून ठरते. आणि एच-१बी वर्गातील माणसाचा कामाचा हक्क संस्थेने त्याच्यासाठी केलेल्या अर्जाच्या मंजुरीतून येतो. तेव्हा व्हिसाची मुदत संपलेला मनुष्य अमेरिकेत राहून कायदेशीरपणे काम करीत असू शकतो. उलट व्हिसा चालू असूनही आगमननोंदीची तारीख उलटली आणि मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला गेला नसेल, तर त्याचा तेथील मुक्काम बेकायदा ठरतो. पारपत्राची मुदत आधी संपत असल्यास सीमेवरील अधिकारी आगमननोंदीची तारीखही तितकीच अलीकडे आणू शकतो, हे तर पुष्कळांच्या फार उशिरा ध्यानात येते. या तिन्ही कागदांना बोलण्यात ‘व्हिसा’ म्हटले जाते हे समजण्यासारखे आहे. पण सूचनापत्रकाच्या एकाच परिच्छेदात हा शब्द तीन अर्थांनी वावरू लागला, म्हणजे वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

संज्ञा जेथे शुद्ध असतात तेथेही मांडणी घात करू शकते. आपोआप पुनर्वैधतेचा नियम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. व्हिसाची मुदत संपलेली असली, तरी कॅनडा किंवा मेक्सिको येथे तीस दिवसांपर्यंत जाऊन आलेल्या व्यक्तीस, तिची आगमननोंद चालू असेल तर, जुन्याच व्हिसावर परत प्रवेश मिळू शकतो. टोरांटोच्या परिषदेत निबंध वाचू इच्छिणाऱ्या संशोधकाला हे वरदानच वाटेल. परंतु त्या मुक्कामात त्याने तेथील अमेरिकन वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सवलत लोपते आणि व्हिसा हाती पडेपर्यंत त्याला बाहेरच थांबावे लागते. ‘आलोच आहोत, तर तेही काम उरकून घेऊ’ हा अगदी घरगुती शहाणपणाचा विचारच येथे त्याला गोत्यात आणतो. ज्या पत्रकात सवलत आरंभी ठळकपणे सांगितलेली असते आणि हे पोटकलम पुढे कोठेतरी तळटिपेत सापडते, ते पत्रक असत्य सांगत नाही. तरीही ते वाचून मनुष्य फसतो. भारतीय नागरिकाला कॅनडात पाऊल टाकण्यासाठी कॅनडाचाही व्हिसा लागतो, हे मग सांगावयाचे राहूनच जाते. सल्ला अमेरिकेत परतण्याचा, तेव्हा जाण्याची काळजी ज्याची त्याने करावी!

दुसरा दोष क्रियापदांचा आहे, आणि मराठी वाचकाला तो विशेष जाणवावा. इंग्रजीत ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांत बंधन व सल्ला हा भेद आहे. मराठी विध्यर्थात ‘जवळ बाळगावे’ एवढ्यात दोन्ही सामावतात, म्हणून बंधन दाखविण्यासाठी आपली भाषा ‘लागते’चा आधार घेते. परंतु इंग्रजी पत्रकेही हा भेद पाळीत नाहीत. जे-१ वर्गातील संशोधकाला परतताना डीएस-२०१९ हे प्रमाणपत्र लागते, आणि त्यावरील प्रवासाची सही एक वर्षाहून जुनी चालत नाही. पगाराच्या अलीकडच्या पावत्या किंवा विभागप्रमुखाचे पत्र यांची गोष्ट निराळी. अधिकाऱ्याने विचारलेच तर ती उपयोगी पडतात. पत्रकात मात्र ही सारी कागदपत्रे एका खाली एक, सारख्याच ठिपक्यांनी मांडलेली असतात. कोणता कागद नसेल तर प्रवेशच अडेल आणि कोणता नसेल तर नुसती प्रश्नोत्तरे लांबतील, हे वाचकाने ओळखावयाचे कसे?

या ठिकाणी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, असे तेथे बजावलेले आहे. पण लेखक नुसते बजावून थांबत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे जोपासलेली असतात, हे कारण तो सोबतच देतो. त्यामुळे आज्ञेत न आलेल्या प्रसंगीही कसे वागावे, हे अंमलदाराला आपल्या बुद्धीने ठरविता येते. आधुनिक सूचनापत्रकाला कारणाचे मोठे वावडे आहे.

‘अनावश्यक प्रवास टाळावा’ हे या गद्याचे पालुपद. २७ जानेवारी २०१७ च्या आदेशाने सात देशांच्या नागरिकांचा प्रवेश रोखला गेला आणि वैध व्हिसा असलेले लोकही विमानतळांवर अडकले, तेव्हा हे पालुपद सर्वत्र ऐकू आले. २०२४ च्या नोव्हेंबरात अनेक विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थी व संशोधक यांना २० जानेवारी २०२५ पूर्वी परतण्याचा सल्ला दिला. पण ‘अनावश्यक’ हे कोणी ठरवावयाचे? साताऱ्याला वडील अंथरुणाला खिळले आहेत आणि मुलगा बोस्टनला आहे, अशी कल्पना करावी. त्याला प्रवासाची आवश्यकता शिकविण्याची गरज नाही. धोका किती, हे त्याला हवे आहे. पारपत्रावरील व्हिसा चालू असेल तर प्रश्न एक असतो, मुंबईत पुन्हा मुलाखत द्यावयाची असेल तर अगदी दुसरा. जे-१ वरून एच-१बी वर दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना तो देशाबाहेर पडला, तर दर्जाबदलाची ती मागणी सोडून दिली असे मानले जाते. मग मंजुरी आली तरी बाहेरून व्हिसा घेऊनच परतावे लागते. अशी चार वाक्ये त्याच्या निश्चयाला आधार देतील. ‘टाळावा’ हे एक वाक्य त्याला केवळ अपराधी करते.

या गद्याच्या बाजूनेही बोलता येईल. नियम एका रात्रीत बदलतात, संस्था पुढचे सांगू शकत नाही. १९ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, अध्यक्षीय घोषणेने एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसविला आणि तो २१ तारखेच्या मध्यरात्रीनंतर लागू होणार होता. रजेवर गेलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांनाही तो लागेल काय, हे घोषणेच्या शब्दांवरून उमगत नव्हते. अनेक मालकांनी बाहेर असलेल्यांना ताबडतोब परत बोलाविले, आत असलेल्यांना हलू नका म्हणून कळविले. दुसऱ्याच दिवशी सरकारने तो आकार नव्या अर्जांपुरताच असल्याचा खुलासा केला. त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून एच-१बी अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी सुरू झाली, भारतातील मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या आणि रजेवर आलेली माणसे येथेच अडकली. तेव्हा सावधगिरी निराधार नाही. शिवाय एच-१बी प्रकरणात अर्जदार संस्था असते, कर्मचारी केवळ लाभार्थी. संस्थेचा वकील प्रथम संस्थेचा विचार करणार हे उघड आहे. हे सर्व मान्य करूनही आक्षेप उरतोच. अनिश्चितता असेल तर ती कोठे आहे हे नेमके सांगता येते. तिचे धुके सगळ्या पानावर पसरण्याचे प्रयोजन नाही. आणि हा सल्ला संस्थेच्या हितासाठी आहे की प्रवाशाच्या, हे एका वाक्यात कबूल केल्याने संस्थेचे काही बिघडणार नाही.

तारखेचा प्रश्न तर भाषेचाही नाही, निव्वळ शिस्तीचा आहे. जे-१ वरील काही संशोधकांना स्वदेशी दोन वर्षे राहिल्याशिवाय एच वर्ग किंवा कायम वास्तव्य मिळत नाही. ही अट ज्या कारणांनी लागू होते, त्यांत एक म्हणजे देशवार कौशल्यांची यादी. ९ डिसेंबर २०२४ पासून अमलात आलेल्या सुधारित यादीतून भारताचे नाव वगळण्यात आले, आणि केवळ यादीमुळे बांधले गेलेले भारतीय संशोधक, पूर्वी आलेलेसुद्धा, त्या अटीतून मोकळे झाले. सरकारी पैशावर आलेले मात्र झाले नाहीत. त्याआधी लिहिलेले आणि तारीख नसलेले पत्रक ज्याच्या हाती आजही पडेल, तो स्वतःला अजून बांधलेलाच समजून प्राध्यापकपदाचा अर्ज न करता राहील.