समान कोणाशी?

संयुक्त राष्ट्रांनी 17 डिसेंबर 2015 रोजी कैद्यांच्या वागणुकीचे जे किमान नियम संमत केले, त्यांना नेल्सन मंडेलांचे नाव आहे. त्यातला 24 वा नियम सांगतो की, समाजाला जी आरोग्यसेवा मिळते त्याच दर्जाची कैद्यालाही मिळावी. वाक्य थोर आहे. पण 'समाज' या शब्दात आपल्याला धरले आहे की नाही, हे आम्हाला दर वेळी विचारून घ्यावे लागते.

फुप्फुसाच्या कर्करोगाची तपासणी तुरुंगात द्यावी काय, असे मी गुहागरला वर्गात विचारले. मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, जे आमच्या वाडीत नाही ते तुरुंगात कशाला?" पोरगा चुकला नव्हता. 2016 च्या सरकारी तपासणी आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, फुप्फुस नाही. माझा बाप 1982 च्या संपानंतर गिरणीतून गावी आला तो कापसाची धूळ आणि विडी छातीत घेऊनच. त्याच्या खोकल्याला आम्ही विडीचा खोकला म्हणालो आणि गप्प बसलो. मग कैद्याला समान काय द्यायचे? आमचे नसणे?

तरीही फरक आहे. माझा बाप एस.टी. पकडून चिपळूण गाठू शकत होता. कैद्याचे पाय राज्यसंस्थेने काढून घेतले आहेत. पोलीस पहारा मिळेल तेव्हाच तो दवाखाना पाहतो. तळोजा तुरुंगात फादर स्टॅन स्वामींना पाणी पिण्याच्या नळीसाठी 2020 मध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी ते बंदी असतानाच रुग्णालयात वारले. जगाला ठाऊक असलेल्या माणसाची ही गत. तुरुंगात दलितांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाहून जास्त आहे. त्यांच्यासाठी अर्ज कोण लिहिणार?

म्हणून नुसते यंत्र नेऊन भागत नाही. अमेरिकेत 53 हजारांवर लोकांवर झालेल्या चाचणीत (2011) कमी किरणांच्या सी.टी. स्कॅनमुळे, एक्स-रेच्या तुलनेत, या कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. पण संशयित ठरलेल्यांपैकी सुमारे 96 टक्क्यांना कर्करोग नव्हताच. आपल्याकडे तर क्षयाचे जुने व्रणही फसवतात. म्हणजे पुन्हा स्कॅन, पुन्हा सुई, पुन्हा पहारा. 2022 अखेर देशातले चारपैकी तीन कैदी कच्चे होते. त्यातला एखादा मधेच जामिनावर सुटला, तर त्याचा कागद कुठे जातो? शिवाय तिकडचा निकष सिगारेटच्या पाकिटांचा: रोज एक, 20 वर्षे. विडीचा हिशेब कोणी मांडायचा? आणि शिपाई उभा असताना कैद्याने दिलेला होकार, तो होकार मानायचा काय?

24 व्या नियमाचे दुसरे कलम मला पहिल्यापेक्षा मोलाचे वाटते. तुरुंगातली सेवा बाहेरच्या सार्वजनिक आरोग्ययंत्रणेशी जोडा, उपचार तुटू देऊ नका, असे ते म्हणते. भाषणांत मात्र पहिलेच कलम येते. पण या दुसऱ्या कलमातही नावे घेतली आहेत ती एच.आय.व्ही.ची, क्षयाची, इतर संसर्गजन्य रोगांची आणि व्यसनाची. क्षय तुरुंगाच्या भिंतीबाहेर येतो, त्याची बाहेरच्यांना धास्ती असते. कर्करोग ज्याचा त्याच्याच छातीत राहतो. त्याचे नाव तिथे नाही.