उळवीची वाट आणि न डगमगणारे भिंग

जोयडा तालुक्यातील उळवी येथे बाराव्या शतकातील शरण श्रीचन्नबसवेश्वर यांची समाधी आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या तेथील जत्रेस धारवाड-बेळगावकडील भाविक अद्यापि बैलगाड्या जोडून रानातून येतात. या यात्रेची हल्ली निघणारी चलच्चित्रे पाहताना आमच्या मनात एक शंका उभी राहिली, ती वाचकांपुढे मांडतो.

अशी चित्रे घेण्याचे यंत्र आता मुठीत मावते. ऑस्मो पॉकेट या नावाने ते २०१८ साली प्रथम बाजारात आले, तेव्हा त्याचे वजन अवघे ११६ ग्रॅम होते. भिंगाचे डोके तीन चिमुकल्या मोटारींवर तोललेले असते. हात जिकडे कलेल त्याच्या उलट दिशेस त्या ते वळवितात आणि चित्र समतोल राहते. अमेरिकेत गॅरेट ब्राउन यांच्या स्टेडिकॅमने १९७६ च्या चित्रपटांतून हा परिणाम साधला होता, परंतु ते धूड अंगावर बांधून वागवावे लागे. यंत्राच्या गुणाविषयी, तेव्हा, वाद नाही.

वाद आहे तो वापराविषयी. गाडीत बसून दूरच्या रानावर रोख धरला, की वाटेचे बहुतेक हिसके चित्रातून नाहीसे होतात. गाडी जणू काळी नदीच्या पाण्यावरूनच चालली आहे! त्या गाडीत दिवस काढलेल्या भाविकाची कंबर मात्र निराळी साक्ष देईल. देवाच्या वाटेवर सोसलेले कष्ट हा यात्रेचाच भाग होय; तो पुसला म्हणजे उरते ती सहल.

आमच्या मते यावरील उपाय त्याच यंत्रात आहे. जू, बैलांची वशिंडे, गाडीची कड ही चौकटीत येऊ द्यावीत. मग क्षितिज स्थिर राहून त्यापुढे गाडी कलताना व सावरताना स्पष्ट दिसते. साध्या कॅमेऱ्यात हे कळत नसे. हाताचे हलणे व गाडीचे हलणे एकमेकांत मिसळून जाई. रथ ओढला जात असता तर चित्रकाराने एका जागी उभेच राहावे. चालणाऱ्याच्या पावलांची खालवर या यंत्रासही पुरती झाकता येत नाही.

आणखी एक खोड सांगण्याजोगी आहे. हे यंत्र एखादा चेहरा हेरून त्याचा पाठलाग करते, आणि धरणाऱ्याकडेही तोंड फिरविते. परिणामी रथाहून यात्रिकाचेच मुखदर्शन अधिक घडते. (त्यासाठी घरचा आरसा पुरला असता.) २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत मोठा, एक इंची संवेदक आल्याने दिव्यांच्या उजेडातील चित्रे बरीच सुधारली, हे मान्य केले पाहिजे. परंतु बैलांच्या घुंगरमाळांवर उसने संगीत चढविण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मुळीच मानवत नाही.