सोळा चौकोन, एकच वायर

घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून गायमुखापर्यंत कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या सिक्युरिटी केबिनमध्ये भिंतीवरच्या स्क्रीनवर सोळा चौकोन दिसतात: गेट, लिफ्ट, पोडियम, बेसमेंटमधलं पार्किंग. अनेक कॅमेऱ्यांचं चित्र कमी डेटात एकाच वेळी कसं पोचवायचं, यावर कित्येक वर्षं संशोधन चालू आहे. त्याची खरी परीक्षा मला इथे दिसते.

संशोधकांचा ओढा राहिला तो कॅमेऱ्यांमधल्या साम्याकडे. दोन कॅमेरे शेजारी असले की दुसऱ्याचं चित्र पहिल्यावरून बांधायचं आणि उरलेला फरक तेवढा पाठवायचा. एच.264 या व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या कोडेकमध्ये ही सोय 2009च्या सुमारास आली, एच.265मध्ये 2014 साली. थ्रीडी ब्लू-रेमध्ये दोन डोळ्यांची दोन चित्रं साध्या चित्राच्या साधारण दीडपट डेटात बसली. काम देखणंच आहे. पण लिफ्टमधल्या चित्राचं बेसमेंटशी साम्य ते काय असणार? 2023च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने प्रेक्षकाला कॅमेरा निवडायची मुभा दिली, तिथेही स्टम्पमधला कॅमेरा आणि मैदानाच्या वरून पाहणारा कॅमेरा यांच्यात उधार घेण्यासारखं फारसं काही नव्हतं. चित्रातल्या खोलीची (डेप्थची) माहिती पाठवून मधले कोन फोनवरच तयार करण्याची पद्धतही आहे, पण तिचा भार फोनच्या प्रोसेसरवर पडतो.

सोसायटीला तारलं ते सबस्ट्रीमने. प्रत्येक कॅमेरा दोन प्रवाह काढतो: रेकॉर्डिंगसाठी मोठा, चौकोनासाठी बारका. मेनस्ट्रीम 4 एमबीपीएसचा धरला तर सोळा कॅमेऱ्यांचे 64 होतात. सबस्ट्रीम अर्ध्या एमबीपीएसचा ठेवला तर सगळे मिळून 8, आणि मोठा करून पाहिलेल्या एका चौकोनाचे 4, एकूण 12. कुठल्याही गुंतागुंतीच्या गणिताशिवाय पाचपटीहून जास्त बचत! काही रेकॉर्डर सगळे चौकोन जोडून 'झिरो चॅनल' नावाचा एकच प्रवाह देतात. यूट्यूब टीव्हीने 2023मध्ये अमेरिकेत चार सामने एका पडद्यावर दाखवले तेही असेच, सर्व्हरवर आधी जोडून.

किंमत मोजावी लागते ती चौकोन बदलताना. नवं चित्र पूर्ण फ्रेमपासूनच सुरू होतं. ती दर दोन सेकंदांनी येत असेल तर तेवढ्यापर्यंत थांबावं लागतं. लवकर हवी तर डेटा वाढतो.

खरी फजिती पावसाळ्यातल्या रात्री होते. इन्फ्रारेड दिव्यासमोर थेंब चमकतात, किडे घोंगावतात, अंधारामुळे चित्रात दाणे उठतात. एन्कोडरच्या लेखी ही सगळी हालचालच. बिटरेटला मर्यादा घातलेली असते, त्यामुळे डेटा थेंबांवर खर्च होतो आणि गेटमधून शिरणाऱ्या गाडीची नंबरप्लेट पुसट होते. उजेडातल्या चाचणी-चित्रफितींवर काढलेले बचतीचे आकडे इथे लागू पडत नाहीत. दिवसा पाहून सेटिंग सोडणाऱ्या इन्स्टॉलरला रात्री परत बोलवायला हवं.

दुसरी दुखती जागा अपलोडची. 2023च्या त्याच आयपीएलच्या अंतिम सामन्याला एका वेळी 3.2 कोटी प्रेक्षक होते, तरी मैदानातून प्रत्येकासाठी वेगळी प्रत निघत नव्हती. प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून वाटल्या जात होत्या. सोसायटीच्या रेकॉर्डरला थेट जोडलेले दहा फोन मात्र एकाच गेटचे दहा प्रवाह एकाच वायरमधून ओढतात. कोडेक बदलण्याआधी मधे एक रिले सर्व्हर बसवावा. गेटचा एकच प्रवाह वर जाईल आणि दहाही फोनना त्याची प्रत तिथूनच मिळेल.